पंखा गप्प आहे

बारक्याची पन्नाशी उलटली होती, मिशी पांढरी झाली होती, दोन्ही गुडघे कुरकुरत होते, तरी थोरल्या भावाच्या लेखी तो बारक्याच होता. आणि दादा ज्याला बारक्या म्हणतो त्याला बाकीचे तरी दुसरं काय म्हणणार? बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा त्याचा धंदा. त्याच्याकडे डिझेलवर चालणारा टोइंग ट्रक होता, आणि तो दादानेच उभा केला होता. भंगारात निघालेला मालट्रक आणून त्याच्या पाठीवर तार गुंडाळून ओढणारा विंच बसवला, आकडा जोडला, पुढे तिघांना बसता येईल अशी सीट आणि तिच्या मागे एक अरुंद बाकडं टाकलं. तेव्हापासून वाटणी ठरलेली होती. आकडा बारक्याचा, इंजिन दादाचं. खड्ड्यात कलंडलेला टेम्पो बारक्या अलगद, अंडं उचलल्यासारखा वर काढायचा. पण बॉनेटच्या आत त्याने कधी बोट घातलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. रस्त्यालगत दादाचं वर्कशॉप होतं, आणि इंजिनाला काहीही झालं तरी दादा होता.

गाडी तापायला लागली तेव्हाही बारक्याने ती सरळ दादापुढे नेऊन उभी केली.

तापायची तऱ्हा विचित्र होती. सपाट रस्त्यावर रिकामी पळवली तर काटा मधोमध, शहाण्या मुलासारखा. आकड्याला गाडी लावून चढाला लागलं की काटा हलायचा आणि बघता बघता लाल पट्ट्याकडे सरकायचा. दादाने रेडिएटर धुतला, कूलंट बदललं, थर्मोस्टॅट नवा टाकला. गाडी तापलीच. पुढच्या आठवड्यात बारक्या पुन्हा गेला, तर दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट गेला असणार. नवा टाकू."

"दादा, तो आत्ताच टाकलास ना."

"कोणी?"

बारक्याला वाटलं, दादा चेष्टा करतोय. दादाची चेष्टा अशीच असायची, चेहरा न हलवता. पण दादाने खरोखर पाने काढले, तो कोरा थर्मोस्टॅट उघडला, बाजूला टाकला आणि त्याच्या जागी तसाच दुसरा बसवला. हात लोण्यासारखे चालत होते. त्या हातांना काही झालं नव्हतं.

त्यानंतर दादा गाडीत बसून चाचणीला आला. थोडा चढ लागला तशी त्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "हिचा पंखा गप्प आहे."

"म्हणजे?"

"ओरडायला हवा. इंजिन तापलं, चढ लागला की पंखा ओरडतो. हा ओरडतच नाही." मग खिडकीबाहेर बघून त्याच आवाजात म्हणाला, "लवकर परत चल. बाबा जेवायचे थांबले असतील."

बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. बारक्याने गाडी वळवली आणि मूग गिळून घरी आणून सोडली. पंख्याचं बोलणं त्याने बाबांच्या बोलण्याबरोबरच मनातून काढून टाकलं. एकाच तोंडातून, एकाच दमात निघालेल्या दोन वाक्यांतलं एक खरं आणि एक खोटं, हे निवडायचं कसं?

वहिनीला सगळं आधीपासून माहीत होतं. एकदा शेगडी पेटती राहिली होती, एकदा दादा शर्टावर शर्ट घालून बाहेर पडला होता, एकदा स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने शेजाऱ्याला घर विचारलं होतं. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं. ते नाव वहिनीने एकदाच बारक्याच्या कानावर घातलं. नंतर दोघांनीही ते पुन्हा उच्चारलं नाही. अळीमिळी गुपचिळी. वर्कशॉप रोज उघडत होतं, दादा रोज डबा घेऊन जात होता, आणि जुनी गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळत होती. का, ते कोणीच तोंडावर सांगत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी वहिनीला डोळे तपासायला जायचं होतं. दादाला घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. ती म्हणाली, "भावजी, आजचा दिवस ह्यांना तुमच्याबरोबर न्या. गाडीत बसले की खूश असतात."

दादा खरंच खूश होता. निघण्यापूर्वी त्याने बॉनेट उघडून आत डोकावलं, दोन ठिकाणी हात फिरवला आणि म्हणाला, "आता बघ. काटा हलणार नाही." बारक्याने विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचंच होतं.

शहराची वेस ओलांडली नाही तोच फोन आला. वरच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चढाच्या पायथ्याशी, एक शववाहिका बंद पडली होती. गिअरबॉक्स गेला होता. दुसरी शववाहिका मिळत नव्हती आणि वर माणसं वाट बघत होती.

बारक्याला तो चढ ठाऊक होता. लांब, वळणावळणाचा, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती खोली. त्याने फोन ठेवला, पण गिअर टाकला नाही.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"चढावर ओढायची आहे गाडी."

"मग ओढ. त्यासाठीच तर बनवलीय ही."

पायथ्याशी पोचले तेव्हा शववाहिकेचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला चाकाला टेकून बसला होता. त्याच्याजवळ एक मध्यमवयीन माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, सुजलेले डोळे. तो शिंपी होता, शहरात त्याचं दुकान होतं. आई आजारपणात त्याच्याकडे राहायला आली होती आणि काल गेली. मला माझ्या घरून जायचंय, एवढंच तिने मागितलं होतं.

"नेऊ," बारक्या म्हणाला. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच.

त्याने शववाहिकेची पुढची चाकं उचलून घेतली, पट्टे आवळले, साखळी दोनदा तपासली. हे काम त्याचं होतं आणि ते त्याने नेहमीपेक्षा हळू केलं, कारण मागे कोण निजलंय हे डोक्यातून जात नव्हतं. शववाहिकेचा ड्रायव्हर मागच्या बाकड्यावर चढला आणि बसल्या बसल्याच झोपला. पुढे बारक्या, मधे दादा, खिडकीशी शिंपी.

गाडी चढाला लागली. थोडं अंतर गेल्यावर दादाने आरशात मागची गाडी पाहिली आणि आपुलकीने विचारलं, "ॲम्ब्युलन्स आहे का? पेशंट कसा आहे?"

शिंपी म्हणाला, "माझी आई आहे. गेली ती काल."

"अरेरे," दादा म्हणाला. त्याने शिंप्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं. आजारी होत्या?"

"हो. बरेच दिवस."

"सुटल्या म्हणायचं. पण आपल्याला ते पटत नाही."

"नाही पटत," शिंपी म्हणाला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. दादाने पुन्हा आरशात पाहिलं. "ॲम्ब्युलन्स ओढतोय का आपण? पेशंट कसा आहे?"

शिंप्याने बारक्याकडे पाहिलं. बारक्याने मान किंचित हलवली. माफ करा, अशी ती मान होती. शिंप्याला कळलं. तो म्हणाला, "आई होती माझी. गेली."

"अरेरे," दादा म्हणाला. तोच हात, तोच गुडघा, आणि डोळ्यांत तीच, अगदी आत्ता लागलेली कळ. खोटी सहानुभूती असती तर एखाद्याला राग आला असता. ही खोटी नव्हती. प्रत्येक वेळी नव्याने कोरी निघत होती.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शिंप्याने मान वळवून मागे पाहिलं. मग म्हणाला, "बरी आहे आता. घरी नेतोय."

"उत्तम," दादा म्हणाला आणि समाधानाने मागे टेकला. शिंप्याने तोंड खिडकीकडे वळवलं, आणि त्याचे खांदे हलताना दिसले.

याच सुमारास काटा हलला.

बारक्याने आधी तो पाहिलाच नाही असं केलं. मग गिअर खाली घेतला, वेग कमी केला. काटा चढतच होता. त्याने केबिनचा हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता तरी केबिनमध्ये ओढून घेता येते, हे त्याने दादाकडूनच ऐकलं होतं. बाहेर ऊन, आत भट्टी. चौघे घामाने निथळले. मागचा ड्रायव्हर जागा होऊन म्हणाला, "अहो, एका दिवशी एकच गिऱ्हाईक न्या," आणि मग शिंप्याकडे बघून ओशाळला. शिंपी मात्र हसला. कालपासून पहिल्यांदाच हसला असावा, कारण हसून झाल्यावर तो स्वतःच गोंधळल्यासारखा दिसला.

काटा लाल पट्ट्यात गेला. गाडीच्या नाकपुडीतून वाफ यायला लागली. एका वळणाच्या आधी, रस्ता थोडा रुंद होता तिथे, बारक्याने गाडी कातळाच्या बाजूला घेतली. सगळी चाकं दगड लावून अडवली, तेव्हा कुठे त्याने इंजिन बंद केलं. इतरांच्या बंद गाड्या आणायला निघालेली गाडी स्वतःच रस्त्यात बसली. मागे प्रेत, खाली दरी, आणि वर त्या प्रेताची वाट बघणारी माणसं.

बॉनेट उघडून ते वाफ निवेपर्यंत थांबले. दादा हळूच पुढे आला. त्याने पंख्याच्या पात्याला बोट लावून ढकललं. पंखा भिंगरीसारखा गरगर फिरला आणि फिरतच राहिला.

"बघितलंस?" दादा म्हणाला.

त्याचा आवाज बदलला होता. बारक्याला तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी सायकलची साखळी बसवायला शिकवताना होता, तोच.

"इंजिन असं तापलेलं असताना पंखा हाताने इतका सैल फिरता कामा नये. जड लागायला हवा. इथे बघ." पंख्याच्या मधोमध एक जाड चकती होती. तिच्या कडेने तेलकट, धूळ चिकटलेला ओघळ आला होता. "हा पंख्याचा क्लच. आत दाट तेल असतं. गरम झालं की ते तेल पकडतं आणि इंजिन पंख्याला जोरात फिरवतं. तेल गळून गेलं की पंखा नुसता वाऱ्यावर फिरतो. सपाटीला चालून जातं. चढाला गाडी मार खाते. मी सांगितलं होतं ना तुला, पंखा गप्प आहे म्हणून?"

"सांगितलं होतंस," बारक्या म्हणाला.

"मग?"

मग काय सांगणार? तुझ्या बोलण्यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं ते मला कळेनासं झालंय, हे कसं सांगणार?

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"सोपं आहे. क्लच जाम करायचा. पंखा इंजिनाला कायमचा बांधून टाकायचा. ओरडेल दिवसभर, पण घरी पोचवेल. ती एलन की दे."

बारक्याने पेटीतून षटकोनी टोकाची एलन की काढून दिली. दादाने हात आत घातला, न बघता क्लचच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट शोधले आणि ढिले केले. बोल्टांखाली पोलादाची छोटी पट्टी होती. शिंपी आणि शववाहिकेचा ड्रायव्हर बाजूला उभे राहून बघत होते. सगळ्यांच्याच जिवात जीव आला.

"ही पट्टी आहे ना, तिला एक दात आहे," दादा म्हणाला. "तो आतल्या खाचेत बसवायचा. बसला की बोल्ट आवळायचे. झालं. पट्टी आत ढकलायची आणि..."

"आणि?"

"आणि..."

दादाचा हात थांबला. त्याने हात बाहेर काढला, त्यातल्या एलन कीकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. मग इंजिनाकडे पाहिलं. बारक्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत तिथे असलेला माणूस उठून गेला होता.

"दादा, पट्टी आत ढकलायची आणि काय?"

"कुठली पट्टी?"

"ही. तू आत्ता सांगत होतास."

दादाने ओशाळून हसत एलन की त्याच्या हातात दिली. "तूच कर बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

बारक्याने केलं. म्हणजे हात घातला, पट्टी ढकलली. ती हलली आणि अडली. जोर लावला, तरी अडली. बाहेर ओढून पुन्हा ढकलली. बोटं भाजली, सालपटं निघाली. आणखी जोर लावावा तर मोडायची भीती, न लावावा तर बसत नव्हती; इकडे आड तिकडे विहीर. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून गाडी चालवली, आणि या लोखंडाच्या तुकड्याला काय हवंय ते आपल्याला कळत नाही, याची त्याला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. दादाच्या डोक्यातून हे गेलं, तर ते कुठेच राहिलं नव्हतं. त्याने कधी विचारून घेतलंच नव्हतं.

शेवटी त्याने चष्मेवाल्याला फोन लावला. चष्मेवाला म्हणजे पूर्वी दादाच्या हाताखाली काम शिकलेला मेकॅनिक. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "काही ओढाताण करू नका. मी येतो. पण हातातलं काम टाकून निघायचं, वेळ लागेल."

शिंप्याने तोपर्यंत वर फोन केला होता. थोड्या वेळाने चढावरून माणसं उतरताना दिसली. पुरुष होते, दोन-तीन बायका होत्या, पुढे एक म्हातारा काठी टेकत येत होता. कोणी ओरडलं नाही, कोणी बारक्याला बोल लावला नाही. कोणीतरी दोन शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. म्हातारा शिंप्याला म्हणाला, "खांद्यावर नेऊ. फार लांब नाही आता."

त्यांनी शववाहिकेचं मागचं दार उघडलं आणि स्ट्रेचर बाहेर काढलं. बारक्या टोपी काढून उभा राहिला. माणसं खांदे देऊ लागली, आणि तेवढ्यात दादा पुढे झाला आणि एका बाजूच्या दांड्याखाली त्याने आपला खांदा लावला.

"दादा, तू नको. तू इकडे ये."

दादाने ऐकलं नाही, किंवा त्याला ऐकूच गेलं नाही. बारक्या त्याचा दंड धरायला गेला तसा शिंपी मधे आला. "राहू द्या. येऊ द्या त्यांना. मी आहे बरोबर."

"अहो, पण ते..."

"माहीत आहे मला," शिंपी हळूच म्हणाला. "मी लक्ष ठेवतो."

बारक्याला जाता येईना. उतारावर दगडांच्या भरवशावर गाडी उभी होती, मागे शववाहिका टांगलेली होती, आणि बॉनेटच्या आत दोन बोल्ट ढिले होते. गाडी सोडून जाणं म्हणजे खालच्या वळणावर येणाऱ्या कोणाचा तरी जीव टांगणीला लावणं. शववाहिकेचा ड्रायव्हरही खांदा द्यायला गेला होता. बारक्या एकटा उभा राहिला आणि बघत राहिला. दादाच्या निळ्या शर्टाची पाठ वळणापर्यंत दिसली. पाऊल इतरांच्या पावलाशी बरोबर जुळवून तो चालत होता, न अडखळता. मग वळण आलं आणि पाठ दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ बारक्याला सरता सरेना. तो पुन्हा पट्टीशी झटला. पुन्हा हरला. मग गाडीच्या पायरीवर बसून राहिला. दादा हात सोडून कुठे गेला तर? कड्याच्या बाजूला गेला तर? शिंपी स्वतःच्या दुःखात, त्याला किती वेळ भान राहणार? वहिनीला फोन करावासा वाटला, पण तिच्या डोळ्यांत औषध घातलं असेल, तिला धड दिसतही नसेल. तिला सांगून काय होणार होतं? त्याने फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला.

उन्हं कलायला लागली तेव्हा चष्मेवाल्याची मोटरसायकल आली. त्याने काही न विचारता चष्मा कपाळावर चढवला आणि आत वाकला.

"दादा कुठेत?" आतूनच त्याने विचारलं.

"वर गेलेत."

चष्मेवाल्याने वर पाहिलं, बारक्याचा चेहरा वाचला आणि जास्त चौकशी केली नाही. "ही युक्ती त्यांनीच दाखवली होती मला. तुम्ही पट्टी ढकलत बसलात ना? दात खाचेसमोर आल्याशिवाय ती कशी जाईल? एका हाताने पट्टी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पंखा हळूहळू फिरवायचा."

त्याने पंखा फिरवला. अर्धा फेरा, थोडा आणखी. आत 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि पट्टी आत बसली. त्याने दोन्ही बोल्ट आवळले. पंखा ढकलून पाहिला तर हलेना.

"झालं," तो म्हणाला.

बारक्या कातळाला टेकला. पंखा फिरवायचा. एवढंच राहिलं होतं सांगायचं.

रेडिएटर निवला होता. त्यांनी झाकण फडक्याने धरून उघडलं, पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. पंखा असा काही गरजला की बोललेलं ऐकू येईना. वाऱ्याचा झोत इंजिनावरून सुसाटत गेला. शववाहिका तशीच मागे लावून बारक्या उरलेला चढ चढला. काटा मधोमध होता. त्याने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

वरचं गाव म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची थोडीशी घरं. शेवटच्या घरापुढे माणसं जमली होती. जे करायचं ते उरकून ती परतली होती आणि आता अंगणात बसली होती. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. कोणीतरी त्याच्या खांद्यावर पंचा टाकला होता. शेजारी पाण्याचं भांडं होतं आणि एक म्हातारी त्याची पाठ चोळत होती. सुखरूप आहे, हे पाहून बारक्या घाईने ओसरीकडे निघाला.

दादाने त्याला पाहिलं. डोळे रडून लाल झाले होते.

"बारक्या, किती उशीर केलास रे," तो म्हणाला. "आई गेली."

बारक्या जागच्या जागी थबकला. त्यांची आई कधीच गेली होती. तेव्हा दादा रडला नव्हता. सगळी धावपळ त्याने केली होती, माणसांना कळवलं होतं, बारक्याला कुशीत घेऊन बसला होता. त्याला रडायला सवडच मिळाली नव्हती.

ओसरीवरची माणसं बारक्याकडे बघत होती. शिंपी दारात उभा होता. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं, असं दिसत होतं. किंवा सगळ्यांना सांगितलं होतं. म्हातारीचा हात दादाच्या पाठीवरून फिरायचा थांबला नाही.

"हो दादा," बारक्या म्हणाला. "उशीर झाला मला."

"तुला विचारत होती ती."

बारक्या त्याच्याजवळ बसला. काय करावं ते न सुचून त्याने दादाचा हात धरला. काळ्या भेगांचा, ग्रीसचा वास येणारा हात. थोड्या वेळाने तोही रडायला लागला, आणि कोणासाठी रडतोय ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

निघताना शिंपी गाडीपर्यंत आला. बारक्याने हात जोडले. "तुमच्यावर आजच्या दिवशी हे आणखी..."

"आम्ही घरातली माणसं सगळी एकमेकांना धीर देत होतो," शिंपी म्हणाला. "रडत तेच होते एकटे. बरं वाटलं मला."

उतरताना पंखा सारखा गरजत होता. दादा काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. बारक्या दोनदा "काय?" म्हणाला, मग नुसती मान हलवत राहिला.

वहिनी दारात उभी होती. औषधाने डोळे अजून मोठे आणि ओले दिसत होते. दादाने तिला सांगितलं, "आईला पोचवून आलो." तिने त्याला आत नेलं, हातपाय धुवायला लावलं, वाढलं, झोपवलं. मग बाहेर येऊन बारक्याने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

"वर्कशॉपची किल्ली मी काढून ठेवते," ती शेवटी म्हणाली. "कोणाच्या ब्रेकला हात लावून बसले म्हणजे? तुम्ही सांगाल त्यांना?"

बारक्याने मान खाली घातली.

"मलाही नाही जमणार," वहिनी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाल्याने आपल्या गॅरेजात नवा क्लच बसवला. गाडी सुधारली. भरल्या वजनाने चढावर लावली तर पंखा ठरल्या वेळी ओरडतो, काम झालं की शांत होतो. चष्मेवाल्याने बारक्याला सगळं दाखवलं, त्याच्याच हाताने बोल्ट आवळून घेतले. आता बारक्याला पंख्याचं कळतं. बाकी इंजिनात अजून काय काय आहे जे दादाला विचारायचं राहून गेलं, ते कळत नाही. कधी कधी तो बॉनेट उघडून दादाला समोर उभा करतो. एखाद्या दिवशी दादा भरभरून सांगतो. एखाद्या दिवशी तो विचारतो, "कोणाची गाडी आहे?"

मध्ये एका सकाळी बारक्या गाडी घेऊन त्या रस्त्याने चालला होता. वर्कशॉपच्या बंद शटरपुढे दादा उभा होता. विंचरलेले केस, हातात डबा. तो एकदा उजव्या खिशात हात घालत होता, एकदा डाव्या. मग शांतपणे पुन्हा उजव्या. बारक्याने गाडी थोडी अलीकडेच थांबवली. उतरायचं होतं, पण स्टिअरिंगवरचे हात उचलेनात. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा तो खाली उतरला.

"किल्ली घरी राहिली वाटतं," दादा म्हणाला. "तू बघितलीस का?"

"नाही."

"शोधायला हवी. गिऱ्हाइकं यायची वेळ झाली."

"थांबतील ती," बारक्या म्हणाला. "चल, चहा घेऊ आधी."

दादाने डबा दुसऱ्या हातात घेतला. तो शटरकडे बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला. बारक्याही उभा राहिला.